एका औंसाचा हिशेब

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात यूजीन नावाचे गाव आहे. तेथल्या विद्यापीठातील धावपटूंना शिकविणारे बिल बॉवरमन हे आपल्या शिष्यांपुढे एक हिशेब वारंवार मांडीत असत. मैल म्हणजे ५,२८० फूट. वेगाने धावणाऱ्या माणसाचे पाऊल सहा सहा फुटांवर पडते असे धरले, तर मैलभरात ८८० पावले होतात. प्रत्येक बुटातून एक औंस वजन काढून टाकले, की तेवढ्या अंतरात ८८० औंस, म्हणजे ५५ पौंड, ओझे उचलावयाचे वाचते. औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. आपल्या जुन्या मापाने अडीच तोळ्यांनाही किंचित कमीच. परंतु मैलाच्या अखेरीस तोच औंस पंचवीस किलोंचे पोते होऊन बसतो.

हिशेब पाटीवर मांडण्याजोगा साधा आहे. त्यात न दिसणारी अडचण एवढीच, की हा औंस बुटाच्या कोणत्या भागातून काढावयाचा हे तो सांगत नाही. टाचेखालचा मऊ थर काढला तर बूट हलका होतो आणि पोटरीची शीर तुटावयास येते. तळ पातळ केला तर खडी चवड्याला टोचते. वरचे कापड विरळ केले तर महिन्याभरात अंगठा बाहेर डोकावतो. शर्यतीपुरते हे सारे चालून जाते. शर्यती वर्षाकाठी दहा-बारा, सराव मात्र तीनशे दिवस. ह्या तीनशे दिवसांसाठी हलका, टिकाऊ आणि कोणत्याही रस्त्याला चालेल असा बूट असावा, ही गोष्ट आज कोणालाही स्वाभाविक वाटेल; पण ती सुचावयास आणि सुचल्यावर साधावयास विसाव्या शतकाची पहिली साठ-सत्तर वर्षे खर्ची पडली.

रबराचा तळ आला तो एकोणिसाव्या शतकात. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई व थंडीत तडकत असे. १८३९ साली चार्ल्स गुडइयर ह्यांना ते गंधकाबरोबर तापविले असता चिवट नि लवचीक होते असे आढळले. १८४४ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. त्या शोधाने पुढे अनेकांना श्रीमंत केले, खुद्द गुडइयर मात्र १८६० साली कर्जातच वारले. कॅन्व्हासला रबरी तळ जोडलेले स्वस्त बूट इंग्लंडात समुद्रकिनाऱ्यावर फिरावयास जाणारे लोक वापरू लागले. कापड नि रबर ह्यांच्या सांध्यावर जी पट्टी असे, ती जहाजावरील भाररेषेसारखी दिसे. म्हणून ह्या बुटांना त्या रेषेसाठी झगडणाऱ्या सॅम्युएल प्लिमसॉल ह्यांचे नाव मिळाले. भारतात शाळेच्या कवायतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या जे पांढरे कॅन्व्हासचे बूट घातले गेले, ते ह्याच घराण्यातले. बाटा कंपनीने १९३०च्या दशकात कलकत्त्याजवळ कारखाना काढला आणि बाटानगर वसले, तेव्हापासून हे बूट देशभरच्या दुकानांत दिसू लागले. त्यांचा तळ सपाट व कठीण असे. टाचेखाली वेगळे असे काहीच नसे, आणि पावसात भिजले म्हणजे त्यांचे वजन पायाला चांगलेच जाणवे.

खास धावण्यासाठी बूट शिवणारे कारागीर निराळे. इंग्लंडातील बोल्टन गावचे जोसेफ विल्यम फॉस्टर हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तळाला खिळे बसविलेले कातडी बूट करीत. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॅरल्ड अब्राहम्स आणि एरिक लिडेल धावले ते फॉस्टरांचे बूट घालून. जर्मनीतील हेर्त्सोगेनआउराख येथे डास्लर बंधू हाच व्यवसाय करीत होते. १९३६ साली बर्लिनला जेसी ओवेन्सच्या पायांत त्यांचे बूट होते. पुढे ह्या भावांचे बिनसले, आणि एकाच गावात नदीच्या दोन बाजूंना प्यूमा आणि आदिदास अशा दोन पेढ्या उभ्या राहिल्या. हा वृत्तान्त रंजक असला तरी प्रस्तुत विषयाला त्याचा उपयोग थोडा. कारण ही सारी कारागिरी शर्यतीच्या दिवसासाठी होती. हातमोज्यासारखे पातळ कातडे, खिळ्यांची पकड आणि राखेच्या धावपट्टीवर काही मिनिटांचे आयुष्य, एवढीच त्या बुटांची अपेक्षा असे.

मग उरलेले दिवस धावपटू काय घालीत? जे हाती येईल ते. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक लष्करात होता. तो सरावाला लष्करी बूटच घालून धावे, बर्फातही आणि चिखलातही. सरावात जड बूट वागविले की शर्यतीत पाय पिसासारखे वाटतात, असा त्याचा सिद्धान्त. १९५२ साली हेलसिंकीला त्याने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्यामुळे ह्या सिद्धान्ताला फार प्रतिष्ठा आली. झाटोपेकचे पाय झाटोपेकचेच होते, हे मात्र त्याचे अनुकरण करणाऱ्या अनेकांच्या ध्यानात उशिरा आले असावे.

लांब पल्ल्याच्या बुटाचा खरा विचार युरोपात नव्हे, तर जपानात सुरू झाला. आणि तोही एका फजितीतून. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकला जपानने प्रथमच खेळाडू पाठविले. ते दोनच होते. त्यांपैकी शिझो कानाकुरी हा मॅरेथॉन धावावयास गेला, तो पायांत 'ताबी' घालून. ताबी म्हणजे अंगठ्याला एक कप्पा आणि उरलेल्या चार बोटांना दुसरा, असा जाड कापडाचा जपानी मोजा. जपानातील मऊ मातीच्या वाटांवर तो ठीक असे. स्टॉकहोमचे कठीण रस्ते आणि त्या दिवशीचा विलक्षण उकाडा ह्यांपुढे कानाकुरीचे बळ संपले. त्याने वाटेत शर्यत सोडली, एका कुटुंबाने त्याला विसावा दिला, आणि संयोजकांना न कळविताच तो मायदेशी परतला. स्वीडिश दप्तरात त्याची शर्यत पुरी झाल्याची किंवा सोडल्याची नोंदच नव्हती. १९६७ साली त्याला सन्मानाने बोलावून ती पुरी करविण्यात आली. वेळ लागला ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि २०.३ सेकंद. एखाद्या दप्तराने आपली अपुरी नोंद इतक्या दिलदारपणे निकालात काढल्याचे दुसरे उदाहरण विरळाच.

पण ह्या गोष्टीचे तात्पर्य त्या अंतिम रेषेत नाही. कानाकुरी परतला आणि तोक्योतील एका ताबी शिवणाऱ्या दुकानदाराला घेऊन बसला. तळ अधिक जाड कसा करता येईल, शिवण कोठे घासते, बंद कोठे बांधावा, असा त्या दोघांचा वर्षानुवर्षे खल चालला. पहिल्या महायुद्धानंतर ताबीला रबराचा तळ बसला. १९५१ साली बोस्टनची मॅरेथॉन हिरोशिमा प्रांतातल्या शिगेकी तानाका ह्या एकोणीस वर्षांच्या मुलाने २ तास २७ मिनिटे ४५ सेकंदांत जिंकली, तेव्हा अमेरिकन प्रेक्षक त्याच्या दोन फाळ्यांच्या बुटांकडे पाहत राहिले. धावणारा माणूस आणि शिवणारा माणूस समोरासमोर बसले तरच बूट सुधारतो, हे सूत्र पुढेही अनेक वेळा प्रत्ययास येते.

ह्याच सुमाराच्या एका भारतीय घटनेचा येथे उल्लेख केला पाहिजे. १९२०च्या ॲन्टवर्प ऑलिंपिकपूर्वी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर सामने झाले. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. शेतात राबणारी कुणब्यांची मुले तेथे अनवाणी धावली, आणि त्यांच्यापैकी काहींच्या वेळा युरोपातील वेळांच्या जवळपास जाणाऱ्या आहेत असे पाहून टाटांनी भारतीय चमू ॲन्टवर्पला पाठविण्याचा घाट घातला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन धावले. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद ही त्यांची वेळ, आणि क्रमांक एकोणिसावा. त्यांच्याबरोबरच्या सदाशिव दातार ह्यांना शर्यत पुरी करता आली नाही. जपानातही पहिला प्रयत्न असाच फसला होता. फरक पुढच्या वर्षांत पडला. पुण्यात किंवा बेळगावात धावपटूला घेऊन कलबुतापुढे बसणारा कारागीर काही निघाला नाही. वास्तविक कोल्हापूरच्या कारागिरांइतके पायाचे ज्ञान दुसऱ्या कोणाला असणार? परंतु त्या ज्ञानाची आणि मैदानाची गाठ पडली नाही, ती नाहीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोबे शहरात किहाचिरो ओनित्सुका ह्यांनी १९४९ साली बुटांचा कारखाना काढला. मॅरेथॉनच्या धावपटूंना तळव्यावर येणारे मोठाले फोड ही त्यांच्यापुढची समस्या होती. घर्षण आणि बुटात कोंडलेली उष्णता ह्यांनी हे फोड येतात, हे कळल्यावर हवेने थंड होणाऱ्या मोटारसायकलच्या इंजिनावरून त्यांना युक्ती सुचली. पाऊल टेकले की बुटातली गरम हवा बाहेर फेकली जावी आणि उचलले की ताजी आत यावी, अशी छिद्रे त्यांनी बुटाला ठेवली. १९६० साली रोमला इथिओपियाचा आबेबे बिकिला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला. हाती आलेले बूट पायाला नीट बसेनात, म्हणून त्याने ते टाकून दिले होते. पुढच्याच वर्षी तो जपानात धावावयास आला असता ओनित्सुका त्याला जाऊन भेटले आणि रस्त्यावर काचा पडलेल्या असतात असे सांगून त्यांनी त्याला बूट घालावयास राजी केले. बिकिला तीही शर्यत जिंकला. १९६४ साली तोक्योला त्याने दुसरे ऑलिंपिक पदक मिळविले तेही बूट घालूनच, आणि रोमपेक्षा तीन मिनिटे कमी वेळात. अनवाणी पायाचे गुणगान करणारे लोक रोमची आठवण काढतात आणि तोक्यो विसरतात.

आता रोजच्या सरावाकडे वळू. ह्या प्रकरणाचा आरंभ न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरी झाला. आर्थर लिडियर्ड हे तेथे बुटांच्याच कारखान्यात काम करीत. त्यांनी स्वतःवर प्रयोग करून अशी पद्धत बसविली, की पल्ला आठशे मीटरांचा असो वा मॅरेथॉनचा, प्रत्येक धावपटूने आधी आठवड्याला शंभर मैल शांत गतीने धावावे. डोंगरातल्या बावीस मैलांच्या वळणावळणाच्या रस्त्यावर त्यांची शेजारपाजारची मुले रविवारी धावत. १९६० साली रोमला त्याच मुलांपैकी पीटर स्नेल आणि मरे हॉलबर्ग ह्यांनी एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने, दोन सुवर्णपदके जिंकली. जगभरच्या शिक्षकांचे डोळे ऑकलंडकडे लागले. आणि आठवड्याला शंभर मैल डांबरी रस्त्यावर धावावयाचे म्हटल्यावर झाटोपेकचे लष्करी बूट आणि फॉस्टरांचे खिळ्यांचे बूट दोन्ही एकदम निरुपयोगी ठरले. लिडियर्डांनी आपल्या मुलांसाठी रबरी तळाचे हलके बूट स्वतः केले, ते ह्या गरजेतून.

१९६२च्या अखेरीस बॉवरमन आपल्या धावपटूंना घेऊन न्यूझीलंडला गेले. तेथे लिडियर्डांनी त्यांना एका सकाळी सामान्य नागरिकांच्या मेळाव्याबरोबर धावावयास नेले. त्यात बायका होत्या, मुले होती, पोट सुटलेले व्यापारी होते. पन्नाशी ओलांडलेल्या बॉवरमनांना आपल्या प्रकृतीचा अभिमान होता. परंतु टेकडीवर त्यांना सत्तरीच्या पुढचा, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक म्हातारा मागे टाकून गेला, आणि मग त्यांची दया येऊन त्यांच्या सोबतीला थांबला. बॉवरमन यूजीनला परतले ते हे खूळ डोक्यात घेऊन. त्यांनी गावकऱ्यांना मैदानावर बोलावले. काही आठवड्यांत लोक मावेनात. त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साह्याने जॉगिंगवर पुस्तक लिहिले, ते भरमसाट खपले. अशा रीतीने धावण्याच्या बुटाला एक नवे गिऱ्हाईक निर्माण झाले. त्याला पदक नको होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा न दुखता कचेरीत जाता यावे, इतकीच त्याची मागणी होती.

फिल नाइट हा बॉवरमनांचा जुना शिष्य. त्याने १९६२ साली जपानात जाऊन ओनित्सुकांकडून त्यांचे बूट अमेरिकेत विकण्याची परवानगी मिळविली होती. १९६४ साली गुरुशिष्यांनी प्रत्येकी पाचशे डॉलर घालून भागीदारी केली. बॉवरमन बूट विकण्यापेक्षा ते फाडण्यातच अधिक रमत. १९६५ साली त्यांचा एक धावपटू, केनी मूर, ओनित्सुकांच्या हलक्या बुटांत सराव करीत असता त्याच्या चवड्याचे एक हाड मोडले. बॉवरमनांनी ते बूट मागवून घेतले, रापीने तळ उकलला आणि आत पाहिले. ते बूट उंच उडीसाठी केलेले निघाले. चवड्याखाली गादी होती ती उडीपुरती, टाचेला थोडी होती, आणि मधल्या कमानीला आधार मुळीच नव्हता. उडी मारणारा माणूस आठवड्याला शंभर मैल उड्या मारीत नाही.

त्यानंतर त्यांनी जो बूट रेखाटून जपानला पाठविला, त्यात टाचेपासून चवड्यापर्यंत स्पंजासारख्या रबराचा सलग मधला थर होता, टाचेखाली आणखी एक पाचर होती, आणि कमानीला आधार होता. मेक्सिकोचे ऑलिंपिक जवळ आले होते, म्हणून त्याला 'कॉर्टेझ' असे नाव देण्यात आले. आज जो बूट 'रोजच्या सरावाचा' म्हणून विकला जातो, त्याची आकृती येथे प्रथम नीट दिसते: खाली झिजणारे कठीण रबर, मध्ये धक्का पिणारा मऊ थर, आणि वर पाय धरून ठेवणारे हलके कापड. बॉवरमनांच्या हिशेबाने पाहिले तर ह्या बुटात त्यांनी औंस काढले नाहीत, घातले. एका मोडलेल्या हाडाने त्यांना आपल्याच गणिताची दुसरी बाजू दाखविली. केनी मूर मात्र बरा झाला आणि १९७२च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला चौथा आला.

पुढे ओनित्सुका आणि नाइट ह्यांचे फाटले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९७४ साली 'कॉर्टेझ' हे नाव अमेरिकन कंपनीकडे राहिले; तीच आता नायकी. बॉवरमनांनी १९७१ साली न्याहारीच्या टेबलावर बसून आणखी एक शोध लावला. अमेरिकन घरांत वॉफल करण्याचे चौकोनी खड्ड्यांचे बिडाचे पात्र असते. आपल्या आप्पेपात्राचाच लांबचा भाऊबंद म्हणावयास हरकत नाही. त्या खड्ड्यांसारखी उलटी बोंडे तळाला असली तर खिळ्यांवाचूनही पकड मिळेल आणि रबरही कमी लागेल, असे वाटून त्यांनी बायकोच्या पात्रात रसायन ओतले. पात्र कायमचे चिकटून बसले. २०१०च्या सुमारास घराच्या आवारातील उकिरड्यात ते गंजलेल्या स्थितीत सापडले, आणि कंपनीने ते मोठ्या मानाने जपून ठेवले. ह्या प्रयोगांची दुसरी किंमत फारशी कोणी सांगत नाही. कोंदट खोलीत वर्षानुवर्षे गोंद आणि द्रावके ह्यांच्या वाफा घेतल्यामुळे बॉवरमनांच्या पायांच्या मज्जातंतूंना इजा झाली. लाखो लोकांना धावावयास लावणारा हा माणूस उत्तरायुष्यात स्वतः मात्र धावू शकत नव्हता.

वजनाचा तिढा निम्मा सुटला तो १९७५च्या सुमारास, आणि तो रसायनशास्त्राने सोडविला. ब्रुक्स ह्या कंपनीने एका रसायनतज्ज्ञाच्या मदतीने मधल्या थरासाठी इथिलीन व्हायनिल ॲसिटेट, म्हणजे लोक ज्याला नुसते 'ईव्हीए' म्हणतात, त्याचा फेस वापरला. ह्या फेसात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात. धक्का बसला की ते दबतात आणि पुन्हा फुगतात. स्पंज-रबरापेक्षा हा फेस कितीतरी हलका. मऊपणा हवा तर वजन वाढणार, हे जे समीकरण तोवर अटळ वाटत होते, ते ह्यामुळे ढिले झाले. खोट एवढीच, की रोज रोज दबून बुडबुड्यांच्या भिंती मोडतात आणि फेस हळूहळू मेल्यासारखा होतो. १९८३ साली नायकीने 'पेगॅसस' हा सर्वसाधारण सरावाचा बूट काढला. ग्रीक पुराणातल्या पंखांच्या घोड्याचे हे नाव अजून चालू आहे. २०२४ साली त्याची ४१ क्रमांकाची आवृत्ती निघाली. अतिहलका नाही, अतिमऊ नाही, कोणत्याच गुणात पहिला नाही, असा बूट चाळीस वर्षे खपतो, ह्यात गिऱ्हाइकाची अक्कल दिसते.

कंपन्यांची अक्कल मात्र पुढच्या काळात दोनदा भरकटली. १९८०च्या दशकापासून पायाचे तीन वर्ग पाडण्यात आले. ओल्या पावलाचा ठसा जमिनीवर उमटवून कमान उंच की सपाट हे पाहावयाचे, आणि त्यावरून मऊ, स्थिर किंवा पावलाचे झुकणे रोखणारा कडक बूट द्यावयाचा, अशी ही पद्धत. तर्क पटण्याजोगा होता. दुकानदारांनाही सोयीचा होता. पावलाला रोखण्याच्या ह्या खटाटोपात कठीण फेसाच्या पाचरी आणि प्लास्टिकच्या पट्ट्या चढत गेल्या, आणि बूट विटेसारखे झाले. अखेर अमेरिकेच्या भूदल, हवाई दल आणि मरीन दल ह्यांतील हजारो रंगरुटांवर चाचणी झाली. काहींना ठशाप्रमाणे बूट दिले, इतरांना सरसकट एकच प्रकार दिला. २००९-१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही.

लंबक लगेच दुसऱ्या टोकाला गेला. २००९ साली अनवाणी धावण्याची महती गाणारे एक अमेरिकन पुस्तक गाजले. २०१०मध्ये हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी असे दाखविले, की जन्मभर अनवाणी धावणारे लोक बहुधा चवड्यावर उतरतात, आणि टाचेवर बसणारा पहिला आघात त्यांना जाणवत नाही. संशोधन सावध होते, बाजार तितका सावध नव्हता. पाच बोटांचे, कागदासारख्या तळाचे बूट धडाक्याने विकले गेले, आणि तीस-चाळीस वर्षे गादीवर टेकलेल्या पोटऱ्या व टाचा एका आठवड्यात नव्या चालीला लावणारे लोक डॉक्टरांच्या दारी आले. असे बूट करणाऱ्या व्हायब्रम कंपनीने आरोग्यविषयक दाव्यांवरून झालेला खटला २०१४ साली साडेसदतीस लाख डॉलर देऊन मिटविला.

ह्या वादात बॉवरमनांच्या हिशेबाचीही तपासणी झाली. पायात शंभर ग्रॅम वाढले की धावण्याचा शक्तिव्यय सुमारे एका टक्क्याने वाढतो, हे अनेक प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. म्हणजे त्यांचा हिशेब दिशेने बरोबर होता. परंतु कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली असेही दाखविले, की अनवाणी पाय हलक्या, मऊ बुटापेक्षा काटकसरीने धावत नाही. बुटाचा फेस जो धक्का पितो, तो अनवाणी माणसाला स्वतःच्या स्नायूंनी प्यावा लागतो, आणि त्यालाही शक्ती लागतेच. एक औंस गादी काढावी तर तेवढे काम मांडीवर येऊन पडते. तेव्हा निवडावयाचा आहे तो सर्वांत हलका बूट नव्हे. धावणाऱ्याच्या देहाला परवडेल इतका हलका बूट.

तो कसा ओळखावा? कॅल्गरी विद्यापीठाचे बेन्नो निग ह्यांनी आयुष्यभर पायांच्या मोजमापांत घालवून २०१५ साली जे मत मांडले, ते कोणत्याही आजीला पटेल: घालताक्षणी जो बूट सुखाचा वाटतो, तो बहुधा त्या पायाला योग्य असतो. ह्यात दुकानात दोन-चार जोड पायांत घालून थोडे धावून पाहणे आले. दिवसभरात पाय किंचित सुजतो, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. धावताना जे मोजे घालावयाचे तेच घालून जावे. सर्वांत लांब बोटापुढे आडव्या अंगठ्याइतकी जागा राहावी आणि टाच मात्र वर सरकू नये. वजनाविषयी सांगावयाचे तर सामान्य बांध्याच्या पुरुषाच्या मापाचा अडीचशे ग्रॅमच्या आगेमागे असलेला बूट सावकाश लांब धावण्यालाही चालतो आणि आठवड्यातून एकदा वेग वाढविण्यालाही. त्याहून फार खाली उतरले की शर्यतीचा प्रांत लागतो. टाचेची उंची चवड्यापेक्षा किती अधिक आहे, हेही विचारून घ्यावे. नेहमीच्या बुटांत ती आठ-दहा मिलिमीटर असते; ती एकदम शून्यावर आणली तर भार पोटरीवर आणि तिच्या शिरेवर जातो. लक्झेंबर्गच्या संशोधकांनी २६४ धावकांवर २२ आठवडे नजर ठेवली, तेव्हा आलटून पालटून निरनिराळे जोड वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. ज्याला दोन जोड परवडतात, त्याने एकाच पद्धतीचे दोन घेऊ नयेत.

२०१७पासून शर्यतीच्या बुटांत नव्या जातीचा, फार उसळणारा फेस आणि कार्बनची वाकडी पट्टी आली. ह्या बुटांनी शक्तिव्यय सरासरी चार टक्के कमी होतो असे मोजमाप प्रसिद्ध झाले, विक्रम धडाधड मोडले, आणि २०२०च्या जानेवारीत जागतिक संघटनेला तळाची जाडी चाळीस मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, पट्टी एकच असावी, असे नियम करावे लागले. २०२३च्या सप्टेंबरात बर्लिन येथे इथिओपियाची तिगिस्त असेफा २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांत मॅरेथॉन धावली. तिच्या पायांतल्या आदिदासच्या एका बुटाचे वजन १३८ ग्रॅम होते, जोडाची किंमत पाचशे डॉलर होती, आणि तो जोड एकाच मॅरेथॉनपुरता केलेला होता. नव्या फेसांचा काही अंश आता रोजच्या बुटांतही उतरला आहे. ती पट्टी तेथे नसली तरी बिघडत नाही, कारण सकाळी सावकाश पाच-सहा किलोमीटर धावणाऱ्याला तिचा लाभ थोडाच होतो आणि भुर्दंड मात्र पुरा बसतो.

रोजचा बूट साधारणपणे पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतो. आठवड्याला चाळीस किलोमीटर धावणाऱ्याचा तो तीन ते पाच महिन्यांत संपतो. खालचे रबर झिजलेले डोळ्यांना दिसते. मधला फेस मेलेला दिसत नाही, तो नडगीला किंवा गुडघ्याला कळतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पुष्कळ जुने धावक नवा जोड घरी आणला की पहिल्याच दिवशी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूस शाईने तारीख लिहून ठेवतात.